मेल्चोरला लिमा दाखवताना

बाटलीचं बूच मी घट्ट लावलं होतं. नुसतं घट्ट लावून थांबलो नाही, वर चिकटपट्टीचे तीन वेढे दिले. आमच्या आरेकिपातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं, की चिचा भरलेल्या बाटलीचं बूच सैल ठेवायचं. मोड आलेल्या काळ्या मक्याची ही आमची दारू बाटलीतही आंबत राहते, तिला श्वास लागतो. पण मी बत्तीस वर्षं पोस्टात पार्सलं बांधलेला माणूस. सैल बांधलेलं काही बघितलं की माझा हात शिवशिवतो.

बस रात्रभर वाळवंटातून उतरत होती. सकाळी आठच्या सुमाराला ऊन खिडकीतून थेट वरच्या फळीवर आलं आणि पिस्को गाव मागं पडतंय न पडतंय तोच बाटली फुटली. टायर गेला असं समजून ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. तीन लिटरांतली बरीचशी चिचा, तिच्या तळच्या दाट जांभळट गाळासकट, पुढच्या बाकावरच्या एका लिमाकर वकिलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. उरलेली माझ्या डोक्यावर.

शेजारी बसलेल्या मेल्चोर सेगार्राच्या अंगावर एक थेंब उडाला नाही. त्यानं फक्त नाक वर करून वास घेतला.

"चिचा चांगली होती," त्यानं निकाल दिला. "बांधणारा वाईट निघाला."

वकील उभा राहून ओरडायला लागला. मेल्चोरनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "साहेब, घरी गेलात की सदरा धुवू नका, चोखा. जन्मात एकदा तरी काहीतरी चांगलं पोटात जाईल."

मेल्चोर हा असा आहे. आमच्याकडे समजूत आहे, की शहरामागं उभ्या असलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर बर्फ पडलं की खाली गावातल्या माणसांची डोकी फिरतात. कुणी उगाच खेकसायला लागला की लोक म्हणतात, याला बर्फ चढलंय, दोन दिवसांनी उतरेल. मेल्चोरला ते बारा महिने चढलेलं असतं. त्याच्या तुच्छतेची एक उतरंड आहे. शेजारच्या मोकेग्वाच्या लोकांबद्दल तो नुसता खांदे उडवतो. पुनोचं नाव निघालं की थुंकतो. कुस्कोबद्दल बोलताना आधी खुर्ची जवळ ओढून घेतो, कारण वेळ लागणार असतो. आणि लिमाबद्दल तो बोलतच नाही. "तिकडं" एवढंच म्हणतो, तेही लोक नरकाबद्दल म्हणतात त्या आवाजात.

चाळीस वर्षं हा माणूस खाणीत पांढरा दगड फोडत होता. आमचं अख्खं शहर त्या दगडाचं आहे, आणि त्यातला निम्मा आपण काढला अशी त्याची खात्री आहे. त्याची बायको ब्रिहिदा शहराबाहेरच्या साचाका गावात खाणावळ चालवायची. चूल तिची, पण चिचा मेल्चोरची. मका भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, दळायचा, उकळायचा, हे पंधरा-वीस दिवसांचं काम तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. ब्रिहिदा गेली, तेव्हा तिच्या चुलीपुढं मुलगी नेलिदा बसणार असं तो धरून चालला होता. नेलिदा आईचं एक मडकं उचलून लिमाला निघून गेली. तीन वर्षं झाली, बाप-लेकीत एक शब्द नाही. "तिकडं माझं कुणी राहत नाही," तो म्हणतो.

नेलिदाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता मी. म्हणून मेल्चोर मला कंपाद्रे म्हणतो, मी त्याला कंपाद्रे म्हणतो. मुलीचा बाप आणि धर्मपिता एकमेकांना आयुष्यभर हेच म्हणतात, मग तोंड बघायची इच्छा असो वा नसो.

दोन महिन्यांपूर्वी नेलिदानं लिमात स्वतःची खाणावळ काढली, सहा टेबलांची. मला फोन आला, "धर्मबाबा, काही सांगून पप्पांना इकडं आणा. एकदा माझ्या हातचा अदोबो खाऊ देत. नंतर मला लेक म्हणायचं की नाही ते ठरवू देत. आणि येताना चिचेचा गाळ आणा. इथं कुठं मिळत नाही."

अदोबो म्हणजे डुकराचं मटण. शनिवारी रात्री चिचेच्या गाळात, लाल मिरचीत मुरवायचं, रविवारी पहाटे मडक्यात शिजवायचं आणि सूर्य वर यायच्या आत आमच्या तीन टोकांच्या पावाबरोबर खायचं. रविवारी पहाटे अदोबो न खाणारा आरेकिपाकर एक तर आजारी असतो, नाहीतर मेलेला. गाळाशिवाय तो होत नाही. आणि तो गाळ आत्ता एका वकिलाच्या सदऱ्यावर वाळत होता.

मेल्चोरला मी सांगितलं होतं, दोन दिवस राजधानी बघून येऊ, खाऊ-पिऊ, मजा करू. तो तयार झाला याचंच मला आश्चर्य वाटलं. "शत्रूचा किल्ला एकदा आतून बघून ठेवावा," असं कारण त्यानं दिलं.

लिमाच्या बसथांब्यावर मी केस धुवायच्या निमित्तानं संडासात शिरलो आणि नेलिदाला फोन लावला. गाळाचं काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही उद्या सहाला त्यांना आणा. मडक्याचं मी बघते." तिचा आवाज मला आवडला नाही.

मग उरलेला शनिवार मी मेल्चोरला लिमा दाखवली.

बाहेर पडल्याबरोबर त्यानं वर बघितलं. तिथलं आकाश गाढवाच्या पोटासारखं करडं असतं, हे लिमाकर स्वतःच कबूल करतात. मेल्चोर गोल फिरला. "डोंगर कुठंय?"

"इथं डोंगर नाही, कंपाद्रे."

"मग आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हे ही माणसं ओळखतात कशी?"

मोठ्या चौकातलं मुख्य चर्च बघून त्यानं भिंतीवर नख ओढलं. "रंग दिलाय. दगडाला रंग कोण देतं? ज्याला दगडाची लाज वाटते तो." राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर पहारा बदलत होता. पिपाण्या, ढोल, पाय वर फेकणारे शिपाई. तो शांतपणे बघत राहिला आणि म्हणाला, "एवढ्या माणसांत एकाला तरी काम असेल का?" सान फ्रान्सिस्को चर्चच्या तळघरात हजारो माणसांची हाडं वर्तुळात मांडून ठेवली आहेत. तिकीट काढून लोक बघतात. मेल्चोरनं टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि वाट दाखवणाऱ्या बाईंना विचारलं, "ही सगळी इथलं खाऊन मेली का?"

दुपारी मी त्याला समुद्राकाठी सेविचे खायला नेलं. ताजी मासळी, लिंबात मुरवलेली, वर कांदा. मला मनापासून आवडते. त्यानं काट्यानं एक तुकडा उलटला, पुन्हा सुलटा केला.

"हे शिजवलेलं नाही."

"लिंबानं शिजतं."

"लिंबानं शिजत नाही, कंपाद्रे. चूल पेटवायचा कंटाळा आलेल्या माणसानं काढलेली ही पळवाट आहे." मग वाढणाऱ्याला हाक मारून त्यानं चिचा मागवली. लिमात चिचा म्हणजे जांभळ्या मक्याचं गोड सरबत. एक घोट घेऊन त्यानं पेला असा दूर सरकवला, जसा पंचनाम्याला ठेवतात. "लग्नघरातली लहान मुलं पितात ते हे. मोठ्या माणसांना काय देतात?"

मी हसत होतो आणि मनात उद्याचा हिशेब मांडत होतो. ज्याला दगडाला दिलेला रंग खपत नाही, त्याला गाळाविना अदोबो खपणार होता का? आणि तो ताट सारून उठला, तर नेलिदाला बाप पुन्हा मिळणार नव्हता. आणि त्या ताटातला गाळ उडवणारा मीच होतो.

रविवारी पावणेसहाला मी त्याला उठवलं. "न्याहारी," एवढंच म्हणालो. ब्रेन्या भागातल्या एका गल्लीत एकच दार उघडं होतं. दारावर खडूनं लिहिलं होतं: रविवार, फक्त अदोबो. मेल्चोर ते वाचत असतानाच आतून नेलिदा बाहेर आली. एप्रन, तोंड उतरलेलं, डोळे जागरणाचे.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. तो वळणार हे मला कळलं आणि मी त्याची बाही पकडली.

"पाव कुठला आहे?" त्यानं विचारलं. तीन वर्षांनी लेकीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मीच भाजते, पप्पा. आपला, तीन टोकांचा."

"चौथं टोक दिसलं असतं तर इथूनच मागं फिरलो असतो," म्हणत तो आत शिरला.

अदोबो आला. त्यानं एक चमचा घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला चमचा खाली ठेवला.

"यात बिअर आहे."

"हो, पप्पा."

"काळी."

"हो."

"तुझ्या आईच्या मडक्यात बिअर."

नेलिदानं दोन्ही हात एप्रनमध्ये खुपसले. मला राहवलं नाही. "तिचा दोष नाही, कंपाद्रे. बाटलीतला गाळ तिच्यासाठीच होता. तो मी उडवला."

"म्हणजे तू मला फिरायला आणलंच नव्हतंस?"

"नाही."

"मग ती कच्ची मासळी, ते सरबत, ती हाडं, हे सगळं मी फुकट सोसलं?"

"हो."

तो लेकीकडं वळला. "इतके दिवस काय घालत होतीस?"

"बिअरच. दोन महिने झाले."

"आणि ही माणसं खातात?"

शेजारच्या टेबलावर एक लिमाकर कुटुंब पावानं ताटं पुसत होतं. त्यातल्या आजी कौतुकानं म्हणाल्या, "फार सुंदर करते हो तुमची मुलगी!"

"तुम्ही लिमाच्या, बाई. तुम्हाला सुंदरच लागणार," मेल्चोर म्हणाला आणि नेलिदाला विचारलं, "काळा मका मिळतो का या वाळवंटात?"

"बाजारात मिळतो. पण मोड मला जमत नाहीत, कुजतात. ते तुम्ही कुणाला कधी शिकवलंत?"

त्यानं चमचा पुन्हा उचलला आणि वाडगा संपवला. तळ पावानं पुसला. मग उठून थेट स्वयंपाकघरात गेला. आतून आवाज यायला लागले. "याला चूल म्हणतात? हिच्यावर दाढीचं पाणी तापायचं नाही. आणि हे मडकं कुणी घासलं असं? तारेनं?"

"पप्पा, ते आता माझं मडकं आहे, हात लावू नका!"

"तुझं कधी झालं? पळवून आणलेलं मडकं!"

"आईनं मला दिलं होतं, विचारा धर्मबाबांना!"

तीन वर्षांत बाप-लेक पहिल्यांदा भांडत होते. मी निवांतपणे दुसरा पाव घेतला.

बऱ्याच वेळानं मेल्चोर बाहेर आला. बाह्या दुमडलेल्या, हातात मका आणायला घेतलेलं रिकामं पोतं, कपाळावर आठ्या.

मी खिशातलं पाकीट चाचपत म्हटलं, "कंपाद्रे, परतीची बस चारला आहे. दोन तिकिटं काढून येतो."

"एकच काढ."