एकटीपुरतं

अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये एकट्या बाईने स्वयंपाक करायचा म्हणजे आधी दुकानाशी भांडण. कोथिंबिरीची जुडी घ्यावी तर लग्नघराला पुरेल एवढी. बटाटे पाच पौंडांच्या खाली नाहीत. जे जे म्हणून स्वस्त असेल त्यावर ‘फॅमिली पॅक’ लिहिलेलं. ज्याला फॅमिली नाही त्याने महाग खावं, असा या देशाचा न्याय. संघमित्राने तो मानला नाही. ती सुटी वांगी कुठे मिळतात ते शोधायची, आलं बोटभर मोडून घ्यायची आणि काउंटरवरच्या पोराने कपाळाला आठी घातली तर त्याच्याकडे शांतपणे बघत राहायची. फार्मसीत तिचा सारा जन्म मोजून-मापून देण्यात गेला होता. तिला आठ्यांची सवय होती.

तिचा नवरा लहू गेला, त्यानंतरचं पहिलं वर्षभर ती सिंकपाशी उभी राहून दुधात सिरीयल बुडवून खात होती. एकटा जीव सदाशिव, कुणासाठी करायचं, असं लोक म्हणतात आणि हळूहळू आपणही म्हणायला लागतो. नागपूरच्या बाईने रात्रीच्या जेवणाला तो गोड, गार लगदा खावा, याहून वाईट सुतक कोणतं असेल? एका संध्याकाळी तिला तो घास गिळवेना. तिने वाटी ओतून दिली, मूठभर डाळीचा भरडा भिजवला, तिखट-मीठ घालून चार गोळे वळले आणि भातात शिजवून गोळाभात केला. वरून कडकडीत तेलाची फोडणी. मग टेबलावर ताट मांडून, खुर्चीत नीट बसून ती जेवली. जेवताना रडली, पण जेवली.

तेव्हापासून तिचा नेम सुरू झाला. रोज ताजं, रोज नीट, आणि एकटीपुरतं. वाटतं तितकं ते सोपं नाही. वीस पोळ्यांची कणीक कुणीही मळेल, दोन पोळ्यांची मळून बघावी. चमचाभर पाणी जास्त झालं की लापशी होते. मोठ्या कुकरमध्ये अर्धी वाटी तांदूळ लावले तर बुडाला चिकटतात, म्हणून तिने छोटा कुकर आणला. फोडणीसाठी पळी, भाजीसाठी लहूच्या आईने दिलेली टीचभर लोखंडी कढई. एक वांगं भाजायचं, त्यात पातीचा कांदा, लसूण, कच्चं तेल, की झालं भरीत. दुसऱ्या दिवशीसाठी काही उरवायचं नाही. शिळं खायला आपण काय पोरके आहोत, असं ती स्वतःलाच म्हणायची. पुरुषाने एकट्याने एवढं केलं असतं तर इथल्या मराठी मंडळाने त्याचा शाल देऊन सत्कार केला असता. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. ते का, हे तिला कळायला फार उशीर झाला.

आता मृणालिनीबद्दल सांगायला हवं. मृणालिनी पुण्याची, एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेली, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. शॉमबर्गमधली मराठी घरं महिन्यातून एकदा जमून जेवत, आणि कुणी काय करून आणायचं ते मृणालिनी ठरवी. बाई प्रेमळ होती, हे नाकारून चालणार नाही. लहू गेला तेव्हा पंधरवडाभर तिच्याच घरून डबे आले. वरणभात, मऊ पोळ्या, पडवळाची भाजी. संघमित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलमध्ये नेलं-आणलं तिनेच. पहिल्यांदा घरी आली तेव्हा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून “फार मोठा माणूस,” असंही म्हणाली होती. संघमित्राला ती आपली सगळ्यात जवळची मैत्रीण वाटे.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत नागपूरला आहे तशी पुण्यालाही आहे. संघमित्राने त्या डब्यांतून बेसनाचे लाडू पाठवले. मृणालिनी म्हणाली, “अगं, आमच्याकडे दोघांनाही शुगर. कशाला त्रास घेतेस? रिकामाच देत जा.” पुढच्या वेळी चिवडा पाठवला. “ह्यांचं बीपी गं, मीठ कमी केलंय.” त्यानंतर मेथीची साधी भाजी. “फ्रीज अगदी पॅक आहे बघ.” ह्या माणसांच्या पाठीमागे किती दुखणी लागली आहेत, असं म्हणून संघमित्रा बिचारी हळहळली आणि डबे धुऊन, पुसून, रिकामे पाठवू लागली. मृणालिनी तिच्याकडे आली की घोट घोट आपल्या बाटलीतलं पाणी प्यायची. अमेरिकेत ज्याच्या-त्याच्या हातात बाटली असते. त्यात वावगं काय दिसणार?

महिन्याच्या जेवणालाही तेच. “तू एकटी, एकटीसाठी कुठे घाट घालतेस? तू आपल्या पेपर प्लेट्स आण.” प्लेट्स, चमचे, कोल्ड्रिंकच्या बाटल्या. वर्षानुवर्षं संघमित्रा तेच नेत आली. आपल्यावर मायेने भार टाकत नाहीत, अशी तिची समजूत. आपण होऊन डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं की माणसाला फार शांत झोप लागते.

ती झोप मोडली हेमचंद्र लिमयांच्या कोशिंबिरीने. लिमयांची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी टेक्सासला, शुगर लँडला गेली होती. लिमये म्हणजे चहासाठी पाणी उकळलं तरी ते करपवतील असे गृहस्थ. त्यांना मृणालिनी सगळ्यांसमोर म्हणाली, “हेमचंद्र, पुढच्या वेळी तुम्ही काकडीची कोशिंबीर आणायची. एकटे असलात म्हणून सुटका नाही हं!”

सगळे हसले. संघमित्राही हसली आणि हसता हसता थांबली.

पुढच्या महिन्यात लिमये कोशिंबीर घेऊन आले. काकडीला पाणी सुटलेलं, दाण्याचं कूट जळकं, मीठ बहुधा दोनदा पडलेलं. पण काय ते कौतुक! “वा, पहिल्याच प्रयत्नात!” बायकांनी मागून घेतली, पुरुषांनी वाटी पुसली. मृणालिनीच्या बीपीवाल्या नवऱ्याने दोन वेळा वाढून घेतली. संघमित्रा आपणच आणलेल्या प्लेटमध्ये ती खारट कोशिंबीर घेऊन उभी होती. तिलाही लिमयांचं कौतुक करावं लागलं.

घरी येऊन तिने सिएटलला लेकीला, उपासनाला, फोन केला. सहज सांगितल्यासारखं सांगितलं. उपासना म्हणाली, “आई, हॅव यू एव्हर सीन देम ईट युअर फूड? एनी ऑफ देम? एव्हर?”

“काहीतरीच बोलून राहिली तू. इथे तसं नसतं. हे शिकलेले लोक आहेत.”

“ओके, आई. देन टेक समथिंग. जस्ट टेक इट अँड सी.”

संघमित्राला लेकीचा राग आला. खरा राग आला होता तो लेकीने तिच्या मनातलं बोलून दाखवलं म्हणून.

पुढचं जेवण मृणालिनीकडे होतं, त्यासाठी संघमित्राने पाटोडी रस्सा करायचं ठरवलं. इतक्या वर्षांत हात मापाला बसलेला, चार गोळे, दोन पोळ्या, एक वांगं. आता वीस माणसांचं करायचं म्हणजे हाताला सगळं नव्याने शिकवावं लागलं. कांदे जाळावर भाजले, सुकं खोबरं, खसखस, लाल मिरच्या, सगळं वाटलं. बेसन शिजवून ताटांवर थापलं, वड्या कापल्या. रश्शावर लालभडक तर्री आली तेव्हा तिला लहूची फार आठवण झाली. तो पहिली वाटी भांड्यापाशी उभा राहूनच प्यायचा आणि “मिठाला पाह्यलं फक्त,” म्हणायचा. तिने दारं-खिडक्या उघडल्या, मोठं पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि गाडीत शेजारच्या सीटपुढे नीट बसवलं.

“अगं बाई! एवढं कशाला केलंस?” मृणालिनीने दारातच पातेलं हातातून घेतलं. कौतुकाने झाकण उघडून वास घेतला. “काय सुंदर वास येतोय! थांब, टेबलावर गर्दी झालीय. हे आत ठेवते, नंतर काढू.”

‘नंतर’ काही आलं नाही. टेबलावर लिमयांचा मसालेभात होता, खालून लागलेला. तो संपला. पुरणपोळी आली, संपली. पान सुपारी झाली. संघमित्रा दोनदा आत जाऊन आली. कपडे धुण्याच्या मशीनवर, साबणाच्या डब्याशेजारी तिचं पातेलं टॉवेलासकट बसलेलं होतं. तिसऱ्यांदा ती गेली नाही. टेबलावर आणून ठेवायला तिचे हात मोडले नव्हते, पण पाय उचलेना. आणून ठेवलं आणि तरी कुणी घेतलं नाही, तर?

निघताना मृणालिनीने पातेलं स्वतः गाडीपर्यंत आणलं. “बघ ना, गडबडीत राहूनच गेलं गं! वाया नको जायला. तुला एकटीला आठवडाभर पुरेल.”

संघमित्राने ते घेतलं, थँक्यूसुद्धा म्हणाली. जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं. त्या थँक्यूची तिला पुढे कित्येक दिवस चीड येत राहिली. मृणालिनीपेक्षा जास्त ती स्वतःवर चिडली होती. नागपूरच्या कोणत्याही पोरीला जे पहिल्या रिकाम्या डब्याला कळलं असतं, ते हिला सातासमुद्रापलीकडे येऊन, दोन डिग्र्या घेऊन कळलं नव्हतं. तिने आठवडाभर तो रस्सा खाल्ला. टाकला नाही. अन्नाचा काय दोष?

तरी माणसाचं मन मोठं चिवट. गर्दीत तिला जमलं नसेल, बाकीच्यांची भीड पडली असेल, असं तिला वाटत राहिलं. एक मैत्रीण तरी आपली आहे की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. तिने मृणालिनीला फोन केला.

“माझ्याकडे जेवायला ये. तू एकटीच. गुरुवारी जमेल?”

“गुरुवारी माझा उपास असतो गं.”

“मग शनिवारी ये.”

“बरं. येते.”

त्या ‘येते’ने संघमित्रा हरखली. वय विसरून हरखली. शनिवारी तिने दोघींपुरता स्वयंपाक केला, इतक्या वर्षांत प्रथमच. तिखट बेताचं, तेल कमी, मीठ जपून, शुगरवाल्या बाईला चालेल असं सगळं. गोळाभात, ताकाची कढी, मेथीची भाजी, चार पोळ्या. दोन ताटं समोरासमोर मांडली.

मृणालिनी ऑर्किडची कुंडी घेऊन आली. बसली, बाटलीतलं पाणी प्यायली, ताटांकडे बघितलं. “अगं, तुला सांगायचंच राहिलं. आज उपास आहे माझा.”

“तू गुरुवार करतेस. म्हणून तर शनिवार ठरवला.”

“शनिवारही धरलाय हल्ली. गुडघ्यांसाठी. कुणीतरी सांगितलं.”

संघमित्रा उठली. टोपलीतलं एक केळं आणून तिने मृणालिनीपुढे ठेवलं. “उपासाला केळं चालतं. सालीच्या आत माझा हात लागलेला नाही, तूच सोल.”

मृणालिनीने केळ्याकडे बघितलं. हात पुढे झाला नाही. “आत्ता नको गं. पोट अगदी भरल्यासारखं झालंय.”

संघमित्राने मग ताट वाढून घेतलं. भाताला भोक पाडून वर तेल ओतलं, गोळा कुस्करला आणि जेवायला लागली. समोरचा माणूस जेवत असताना उठून जायचं नाही, एवढे संस्कार मृणालिनीवर होते, त्यामुळे तिला बसावं लागलं. संघमित्राने सावकाश जेवण केलं. दोन्ही पोळ्या खाल्ल्या, कढी पुन्हा वाढून घेतली. स्वयंपाक उत्तम झाला होता.

“चिडलीस का?” मृणालिनीने विचारलं.

“हो,” संघमित्रा म्हणाली. “लहू गेला तेव्हा पंधरा दिवस मी तुझ्या घरचं जेवले. कोणाच्या हातचं आहे, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.”

“अगं, ते वेगळं!”

झटकन बोलून गेली आणि मग तिने ओठ दाबले. संघमित्रा हातातला घास ताटात ठेवून वाट बघत राहिली.

“काय वेगळं होतं, मृणालिनी?”

मृणालिनीने बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि कोट कुठे ठेवलाय म्हणून विचारलं.