दारावरचे डोळे

“दिल्लीच्या तापाचं मागनं बघू साहेब. आधी पोरीचा डोळा दावा.”

चिकटलेल्या पापण्या ओल्या फडक्यानं सोडवत मी आतल्या खोलीत बसले होते, तेव्हा हे वाक्य कानावर आलं. बाहेर बाबा निवडणुकीचं काहीतरी विचारत होते, आणि त्यांचे स्नेही, ज्यांना सगळं ढोकी गाव ‘देवी डॉक्टर’ म्हणायचं, त्यांनी देशाला बाजूला सारून मला पुढे बोलावलं होतं. त्यांच्या दृष्टीनं हे फार मोठं औदार्य होतं. देशाची इतकी काळजी वाहणारा, आणि ती काळजी फक्त नाडी, सुई आणि मलम यांतूनच बोलून दाखवणारा दुसरा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल.

मी त्यांना काका म्हणायचे. ते खरे डॉक्टर नव्हते. सरकारी खात्यात ते देवीची लस टोचायचे. पुढे देवीचा रोग देशातून गेला, पण नाव त्यांना चिकटून राहिलं. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, दंड राहत. नव्या माणसाला नमस्कार करता करताच त्यांची नजर त्याच्या बाहीकडे जायची. एकदा कारखान्यावर एक मोठे पुढारी आले होते. काकांनी त्यांना हार घातला आणि हळूच विचारलं, “साहेब, देवी टोचल्यात न्हवं?” पुढाऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं. काका मात्र आठवडाभर सांगत फिरले, “उत्तर दिलं न्हाय. अशा मानसाला मत द्यावं कसं?” बातम्या लागल्या की ते ट्रान्झिस्टरवर उलटा हात ठेवून ऐकायचे, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. मंत्रिमंडळात फेरबदल झाला की म्हणायचे, “पट्टी बदलली. जखम तीच हाय.” आणीबाणी लागली तेव्हा मात्र कितीतरी दिवस ते काहीच बोलले नाहीत. बाबांनी फारच टोकलं तेव्हा म्हणाले, “रोगी गप पडला की घरच्यांना बरं वाटतं साहेब. मला भ्या वाटतं.”

माझ्याशी ते आपणहून बोलत, कारण मी कुणाशीच बोलत नसे. सोलापूरला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहून शिकलेली, बाबा इथल्या साखर कारखान्यात केमिस्ट होते म्हणून सुट्टीपुरती ढोकीला येणारी मी, पदवी घेऊन आता कायमची परत आले होते. माझं मराठी पुस्तकातून आलेलं. एकदा मी त्यांना “आपण चहा घेणार का?” असं विचारलं, तर ते चमकून ट्रान्झिस्टरकडे बघायला लागले. “तू बोललीस व्हय माय? मला वाटलं बातम्या लागल्या.” बाबा पोट धरून हसले. काका मायेनंच बोलले होते. पण त्यानंतर मी बाहेर तोंड उघडायचं आणखी कमी केलं.

मतदान हा काकांचा सण. मतदानाच्या दिवशी ते परीटघडीचे कपडे घालून, शाळेचं फाटक उघडायच्या आधी रांगेत पहिले उभे असायचे. त्यांची आई आयुष्यात दोनदाच ठेवणीतलं लुगडं नेसायची म्हणे, पौर्णिमेला विहारात जाताना आणि मत द्यायला जाताना. “नोकरीच्या पहिल्या सालात लोक दंड पुढं करायचे,” काका सांगायचे, “पन पानी वरनं ओतायचे. मताच्या रांगंत तसं न्हाय. समद्यांच्या बोटाला एकाच बाटलीतली शाई.” आणि लगेच हसून, “देवीची लस जन्मात एक-दोनदा पुरती माय. ही मातुर दर पाच सालाला टोचून घ्यावी लागती.”

आणीबाणीच्या त्या दीड-दोन वर्षांत त्यांच्या खात्यातल्या माणसांना नसबंदीच्या शिबिराला गडी आणून द्यायचं काम लावलं होतं. काकांनी रजेमागून रजा काढल्या. एका वर्षात त्यांचे तीन मामा वारले. मामा मुळात एकच होता आणि तो लोहाऱ्याला धडधाकट होता. काकांनी एकही माणूस नेला नाही. तरीही त्यांची सायकल आणि पत्र्याची पेटी दिसली की दारं लागायला लागली. ज्या दारांवर ते पंचवीस वर्षं हक्कानं थाप मारत आले होते, त्याच दारांवर. मग काका पेटी धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून नेऊ लागले.

मग आणीबाणी सैल झाली, निवडणूक लागली, आणि नेमकी त्याच दिवसांत डोळ्यांची साथ आली. ढोकीत ज्याला त्याला लाल डोळे. सभेला माणसं हळदीत भिजवलेली पिवळी फडकी डोळ्यांना लावून बसायची, आणि वक्त्याला वाटायचं, आपलं भाषण लोकांच्या काळजाला भिडलं. काका पिवळ्या मलमाच्या नळ्या घेऊन घरोघर हिंडत होते. कुणी राहून जाऊ नये म्हणून लस टोचलेल्या घराच्या भिंतीवर गेरूनं खूण करायची, ही त्यांच्या खात्याची जुनी रीत. काकांचा हात चित्रकाराचा. या वेळी त्यांनी साधी फुली न मारता डोळाच काढला, भुवईसकट. घरात जितके रोगी, तितके डोळे. आमच्या क्वार्टरच्या दाराशेजारी दोन होते, एक आईचा, एक माझा. मागच्या गल्लीत तर एकेका भिंतीवरून सहा-सहा डोळे रस्त्याकडे बघत होते.

मतदानाच्या दिवशी काकांचेच डोळे आले. गेरूच्या हिशेबात ते स्वतःला धरायला विसरले होते. मी बाबांबरोबर सकाळीच मत देऊन आले, आयुष्यातलं पहिलं, आणि रांग किती मोठी आहे ते सांगायला काकांच्या घरी गेले. ते पिवळं फडकं बांधून बाजेवर बसले होते, कपडे मात्र परीटघडीचे. मी सांगितलं की मागच्या गल्लीतलं कुणीच आलेलं नाही. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी त्याच गल्लीतल्या, त्यांच्याकडून ऐकलेलं कारणही सांगितलं. ज्या घरावर सरकारनं डोळा काढलाय, त्या घरचा गडी शाळेत गेला की त्याला तिथूनच मोटारीत घालून शिबिराला नेणार, अशी बोलवा होती.

काका चाचपत बाजेवरून उठले. मग म्हणाले, “जन्मभर खूण केली ती कुणी राहू नये म्हनून. त्याच खुनंनं गल्लीच्या गल्ली राहिली.” त्यांनी बादली मागितली, खांद्यावर फडकं टाकलं, आणि माझा हात धरून निघाले.

मागच्या गल्लीत ते हातानं चाचपत भिंती पुसत होते आणि बंद दारांना सांगत होते, “आरं, ही डोळं आल्याची खूण हाय. म्याच काढली.” एका दाराआडून म्हाताऱ्याचा आवाज आला. “डॉक्टर, तुमी लेकरावानी टोचलं आमाला, खोटं न्हाय. पन गेल्या साली मोटार आली ती तुमच्याच खात्याची. तुमी सरकारचं मानूस. तुमचं कसं ऐकावं?”

काकांचं ओलं फडकं भिंतीवर तसंच राहिलं, आणि गेरूचं लाल पाणी त्यांच्या मनगटावरून कोपराकडे, स्वच्छ बाहीत उतरत गेलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. तेव्हा मी बोलले.

दुपारी शाळेची रांग फाटकाबाहेरच्या कडुलिंबापर्यंत आली. काकांनी त्या दिवशी पहिलं नाही, शेवटून तिसरं मत दिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून. कुणाला दिलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती दिल्लीची नाडी पुढे कशी चालली ते सर्वांना माहीत आहे. काका निवृत्त होऊन वाशीला मुलाकडे राहायला गेले. आता त्यांना खरंच दिसत नाही. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले, तर ट्रान्झिस्टरवर उलटा हात ठेवून बसले होते. मी कोण ते सांगायचं धैर्य नेहमीसारखंच होईना, म्हणून त्यांचा हात उचलून माझ्या दंडावर ठेवला. त्यांनी देवीच्या व्रणावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाले, “केमिस्टसाहेबाची पोरगी.” मग घरातल्या सगळ्यांना गोळा करून सांगू लागले की हिनं ढोकीत भाषण केलं होतं आणि अख्खी गल्ली उठून मताला गेली होती.

ते भाषण नव्हतं. माझ्या तोंडातून आलं ते नेमकं बातम्यांसारखंच. ते ऐकून दाराआड आधी कुणीतरी फिसकन हसलं आणि मगच पहिली कडी निघाली. मी एवढंच म्हणाले होते, “आमच्या दारावरही दोन डोळे काढलेले आहेत. माझे वडील आज सकाळी मतदान करून सुखरूप परतले असून सध्या घरी दाढी करत आहेत. विश्वास नसेल, तर येऊन पाहावे.”