आबांच्या कवळीला ऊन दाखवलं त्याची गोष्ट

लग्न होऊन जळगावला आले तेव्हापासून मी सासऱ्यांशी एक शब्दही बोलले नव्हते. त्यांचे दात मात्र रोज घासत होते.

आमच्या घरात तेव्हा सुनेनं सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, वर बघायचं नाही, काही सांगायचंच असेल तर सासूबाईंच्या मार्फत. आणि आबांच्या कवळीची वाटी माझ्याकडे! (ज्यांचा चेहरा कधी नीट पाहिला नव्हता, त्यांच्या दाढा मी ओळखत होते.)

कवळी केली होती मंगलसाठी. मंगल माझी नणंद. तिला बघून दोन स्थळं परत गेली होती. दुसऱ्या बैठकीत आबा बोलायला लागले आणि तोंडातून नुसती हवा निघाली. पाहुण्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. आबा त्या दिवशी जे गप्प झाले ते झालेच. पुढे भडगावचं स्थळ यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून दातांचा डॉक्टर गाठला. कवळी घालून आले आणि म्हणाले, "आते बोलसू."

कवळीची निगा कशी राखायची हे डॉक्टरांनी आमच्या ह्यांना बराच वेळ समजावून सांगितलं म्हणे. ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं, "स्वच्छ ठेव." संपलं!

ठेवली. रात्री पाण्यात, सकाळी मऊ ब्रशनं. पण पाहुणे यायचे त्याच सकाळी मला वाटलं, वाटीला किंचित वास येतोय. वैशाख होता. गच्चीवर पापडांसारखे ज्वारीचे बिबडे वाळत होते. आणि आमच्याकडे कशावरही एकच उपाय: ऊन दाखवा! गाद्यांना दाखवा, डाळींना दाखवा, लोणच्याच्या बरणीला दाखवा. मग दातांनीच काय घोडं मारलंय? जिन्यावरच्या पत्र्यावर फडकं पसरलं, कवळी ठेवली, कावळ्यानं नेऊ नये म्हणून वर चाळणी पालथी घातली (हुशारी बघा!) आणि पोह्यांचे कांदे चिरायला बसले.

आठवण झाली तेव्हा बारा वाजून गेले होते. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. कवळी दिसायला तशीच होती. जरा जास्त हसत होती, एवढंच.

आबांनी ती तोंडात घातली. काढली. पुन्हा घातली. टाळूला काही बसेना. तोंड उघडलं की खाली पडायची आणि मिटलं की ओठांतून बाहेर डोकावायची!

"हाई काय करं तू?" सासूबाईंनी विचारलं.

"ऊन दाखवलं, आई."

"दातेसले?"

मंगल नवी साडी नेसून दारात उभी होती. ती रडलीसुद्धा नाही. नुसती कवळीकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबांनी कवळी वाटीत ठेवली, तोंड घट्ट मिटलं आणि बैठकीत जाऊन बसले.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. नाना उन्हाचं बोलले, गिरणा नदीच्या पाण्याचं बोलले. आबा नुसती मान हलवत होते. शेवटी नाना म्हणाले, "आबा, तुमनं काय म्हननं शे, ते तं सांगा."

आबांनी आत बघून बोटानं खूण केली. सासूबाई उठल्या, तर त्यांना हातानंच बसवलं. बोट माझ्याकडे होतं! ज्यानं करून ठेवलं त्यानंच निस्तरावं, हा आबांचा न्याय.

पदर सावरत गेले, कान पुढे केला. आबा कुजबुजले. फस्स, फुस्स! कानात नुसता वारा. परत विचारायची सोय नाही, आणि सगळी बैठक माझ्या तोंडाकडे बघतेय.

"आबा म्हणतात," मी म्हटलं, "मुलीला पुढे शिकायचंय, बी.एड. करायचंय. ते करू देणार असाल तर पुढचं बोलू."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे! मंगल रोज माझ्याजवळ हेच बोलायची, एवढं खरं. आबांनी गर्रकन माझ्याकडे पाहिलं. मी पदर आणखी पुढे ओढला. नानांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "माझी काही हरकत नाही."

आबा पुन्हा कुजबुजले, या वेळी जोरात.

"आबा म्हणतात, शाळेत नोकरी लागली तर तीही करेल." आता मला कोण आवरणार!

नाना घुटमळले. त्यांनी आबांचं मिटलेलं तोंड पाहिलं, कपाळावरच्या आठ्या पाहिल्या (त्या सगळ्या माझ्यासाठी होत्या) आणि म्हणाले, "बरं शे, आबा. तुमना शब्द आम्हले मान्य."

सुपारी फुटली.

पाहुणे गेले तशी मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिले. आबा दारात आले आणि थेट माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. मला याही वेळी अक्षर कळलं नाही. सासूबाईंना कळलं. बिनदातांचं बोलणं ऐकायची त्यांना सवय होती.

"ते म्हनतस, मी तं इतलंच सांगं, पाव्हनासले पंखा लाव." सासूबाई थांबल्या. "आनि म्हनतस, पोरना शिक्षननं माले काबर सुचनं नही?"

आबा वळून निघून गेले. मंगल धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. "वहिनी, एवढं धाडस आणलं कुठून गं?"

काय सांगणार! माझी स्वतःची बैठक झाली तेव्हा मी धुळ्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, आणि मलाही पुढे शिकायचं होतं. तेव्हा माझे बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात पक्के होते, पण त्यांतून एक शब्द बाहेर पडला नव्हता.