डांबर लावलेला टेम्पो

रस्त्यावर कुठं डांबर शिजत असलं की मला आमचा जुना टेम्पो आठवतो. त्याचा तळाचा पत्रा गंजून पार चाळणी झाला होता आणि चाकांनी उडवलेलं पाणी थेट मालाला लागायचं. म्हणून पावसाळ्याआधी मेव्हण्यानं आणि मी डांबर वितळवून तळाला दोन हात दिले. वर बादलीभर पाणी ओतून पाहिलं, खाली एक थेंब पडला नाही. दुसऱ्याच दिवशी कुरुंद्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची हळद भरून हिंगोलीच्या बाजारात नेली. व्यापाऱ्यानं हळकुंड मोडून नाकाला लावलं आणि पोतं मागं सारलं. "बाबा, हळदीला डांबराचा वास काहून येऊन राहिला?" भोवती आमच्याच टेम्पोतून माल पाठवणारे शेतकरी उभे होते. मी मान खाली घातली. म्हातारा म्हणाला, "माझ्या कोठीत डांबराचा डबा व्हता. गाडीवाल्याची चूक न्हाई." पोती तशीच परत नेली. पुढच्या हंगामात मात्र पहिला फोन त्या म्हाताऱ्याचाच आला, "काय रे, गेला का वास?" आता गाडी नवी आहे, तळाला रबरी चटई आहे, तरी माल भरण्याआधी मी गुडघे टेकून तळ हुंगून बघतो.