टोरा आत्याचे चार दगड

टोरा आत्याला जाऊन तीन वर्षं झाली, तरी माझा संताप उतरलेला नाही. तो गावच्या समितीवर आहे, तिच्या अध्यक्षावर, क्लिफर्डवर आहे, आणि सगळ्यात जास्त ज्याच्यावर आहे त्याची मला रोज सकाळी दाढी करावी लागते.

अमेरिकेतल्या डाकोटाच्या आमच्या भागात पहिला नांगर घालणारी माणसं माळावरच्या अर्ध्या एकरात पुरलेली आहेत. सदतीस जण. त्यांतल्या अकरा जणांनाच नाव कोरलेला दगड मिळाला. बाकीच्यांच्या डोक्याशी शेतातलाच एकेक दगड रोवलेला. १९०१च्या हिवाळ्यात घटसर्पाने नऊ दिवसांत आमच्या घरची चार मुलं नेली. जमीन इतकी गोठलेली की शवपेट्या वसंतापर्यंत धान्याच्या कोठारात ठेवाव्या लागल्या. वाचली ती एकटी टोरा, सात वर्षांची. माझे वडील त्यानंतर जन्मले. आजोबांनी तीन दगड वाहून नेले. पाच महिन्यांच्या टिल्डाचा दगड टोराने पोटाशी धरून स्वतः नेला.

आत्याने लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं, गाई पाळल्या आणि चाळीस वर्षं त्या दफनभूमीचं गवत कापलं, तेही विळ्याने, एकेका दगडाच्या कडेने. कुणी यंत्र घेऊन मदतीला आलं की खेकसायची, "ते धूड बाहेर ठेव. आंधळं असतं ते!" तिला एकच हवं होतं: टिल्डाच्या शेजारची जागा. आजोबांनी ती तिच्यासाठीच सोडली होती.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी कमरेचं हाड मोडून ती इस्पितळात पडली आणि इकडे समितीच्या उत्साहाला ऊत आला. गावाला शंभर वर्षं होणार, पाहुणे येणार, दफनभूमी 'नीटनेटकी' हवी.

आमच्याकडे दर वसंतात गोठलेली जमीन सैल झाली की नवे दगड वर ढकलते. ते वेचले नाहीत तर पेरणीयंत्राची मोडतोड ठरलेली. चालायला लागल्यापासून आम्ही दगड वेचतो. त्या शनिवारी आम्ही चौदा शेतकरी आत शिरलो, गवतात दगड दिसले आणि चौदा कमरा वाकल्या. ट्रॉली माझी होती. ते दगड कसले हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण हातांना माहीत नव्हतं. क्लिफर्डने वाकडंतिकडं कुंपणसुद्धा हलवून सरळ करून घेतलं. मग आम्ही कॉफी प्यायलो, एकमेकांची पाठ थोपटली आणि दगड माझ्या शेताच्या कडेला ढिगावर ओतले. त्या ढिगात साठ वर्षांचे दगड आहेत.

जुलैत आत्या काठी टेकत आली. काठीने सपाट हिरवळ चाचपून पाहिली.

"कुणी केलं हे?"

"सगळ्यांनीच, आत्या."

"सगळ्यांनी म्हणजे कुणीच नाही होय रे? ट्रॉली कुणाची होती?"

"माझी."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढचे चार दिवस मी ढिगातून एकेक दगड उपसून तिच्यापुढे ठेवत होतो आणि ती मान हलवत होती. पाचव्या दिवशी क्लिफर्ड तोंड गोड करत आला. "आपण छान ग्रॅनाइटचा दगड बसवू, बाई. 'चार अज्ञात बालके' असं कोरून."

"अज्ञात? अरे मेल्या, मी जिवंत आहे अजून! पेडर, रॅग्ना, सिगवाल्ड, टिल्डा. घे लिहून!"

"नावं कोरू की. पण... बसवायचा कुठे?"

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कुंपणापासूनचं अंतर तिला पाठ होतं, पण ते कुंपण आता तिथे नव्हतं.

नंतर गाडीत तिला म्हणालो, "आत्या, तुझी जागा मी अंदाजाने शोधतो. हळूहळू खणू."

"अंदाजाने? आणि फावडं टिल्डाला लागलं तर?" ती भडकली. "आधी त्यांच्या उशा नेल्यास, आता अंगावरचं पांघरूण ओढतोस? खबरदार तिथे कुणी खणलंत तर! मला गावात पुरा."

"गावात तुझं कोण आहे, आत्या?"

"कुणी नाही." तिने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाली, "आणि माझ्यावर दगड मोठा ठेव. तुला उचलता येणार नाही एवढा."