जीपची मोटी चाकं आन माजं कानडी

जीप मालकाची हुती, पन रुबाब माजा हुता. मालकाचे चादरीचे माग सोलापुरात अक्कलकोट रोडला, आन चादरीचे गठ्ठे पोचवायचं काम माज्याकडं. शाळा मी भायेरनंच बगितलेली. पन गाडीचं म्हनाल तर गाडी आपल्याला कळती. आसं मी समद्यास्नी सांगायचो, कुनी इचारलं नसलं तरी.

एकदा भंगारात मोडक्या जीपची मोटी चाकं आली. मी मालकाच्या मागंच लागलो. "मालक, रस्ता खराब हाय, गठ्ठे हादरत्यात." खरं कारन निराळं हुतं. मी बुटका. ट्रकवाले वरनं बगून म्हनायचे, "आरं, ही जीप बिनमानसाची चाललीय काय?" मोट्या चाकावर गाडी टीचभर उंच झाली, आन तिच्यासंगं मी बी. चढताना मातर लोंबकळायला लागायचं.

चाकं बसवली त्याच दिशी मालकाला इचारून मंद्रूपला निगालो. बायकू बाळतपनाला म्हायेरी गेलेली, तिला आन लेकराला घरी आनायचं हुतं. जाताना गाडी लोन्यावानी गेली. सासऱ्याची वस्ती पार रानात, आन आदल्या दिशीच्या पावसानं काळ्या मातीचा चिखूल झालेला. शानी मानसं सडकंला गाडी ठिवून चालत जात्यात. मी कशाला ठिवतोय? चाकं दावायची हुती की! घुर्र करत चिखलातनं थेट गोठ्यापतुर.

मुक्काम केला. सकाळी बायकू लेकराला घिऊन बसली, निगालो. डांबरी सडकंला लागून काटा चाळीसवर गेला, तसं ष्टेरिंग थडथडायला लागलं. हात कोपरापतुर हालत हुते, गाल हालत हुते. लेकरू किंचाळलं.

"थांबवा आदी!" बायकू म्हनाली.

"आगं, नवी चाकं हायत, रुळत्यात—"

"रुळू द्या, मग या. लेकराला घिऊन ह्या खुळखुळ्यात मी बसायची न्हाय."

हळूहळू माघारी आनली. सासरा कानडी बोलनारा, मराठी त्याची जेमतेम. त्यो गाडीम्होरं उकिडवा बसला, खाली बोट करून म्हनला, "गाली नोड्री, गाली."

आता इतं माजी गंमत आयका. लगीन जमवताना मी ठोकून दिल्यालं, मला कानडी येतंय. येत हुता ऊटा एवढाच शबूद, म्हंजे जेवान. लग्नाला दोन वरसं झाली, तवर त्यात 'नोड्री' म्हंजे 'बगा' आन 'गाळी' म्हंजे 'हवा' एवढी भर पडलेली. मी मान डोलावली. "व्हय मामा. हवाच बगतो."

सासऱ्यानं माज्याकडं बगितलं, रडत्या लेकरात गुतलेल्या बायकूकडं बगितलं, आन गोठ्यात गेला. बायकू म्हनाली, "सोमवारी आमचे अप्पा सोलापूरला गाडी घिऊन जानार हायत. तवर नीट केली तर या. न्हायतर मी त्यांच्यासंगं बैलगाडीतनं येते."

डायवरची बायकू, पयलं लेकरू घिऊन, बैलगाडीतनं येनार! आमच्या गल्लीच्या तोंडालाच ट्रकवाल्यांचा अड्डा. मला गाव सोडून जावं लागलं असतं.

सोलापुरात आल्यावर हवेच्या मागं लागलो. पंक्चरवाले चाचा माजे वळखीचे. सकाळी हवा कमी केली, थडथड चाळीसची पस्तीसला आली. दुपारी वाडवली, परत चाळीसला गेली. हवा काढली, भरली, काढली.

चाचा म्हनले, "क्या मियाँ, टायर है या भाता? तेरे कू बोला कौन, हवा देख करके?"

"ससरा."

"तो ससरे कू बिठा पंप पे."

मग मागावरच्या एका कानडी कामगाराला इचारलं, "का रं, गाळी म्हंजे हवाच न्हवं?"

त्यो म्हनला, "हवा बी, आन भायेरचं वारं लागतंय न्हवं, त्ये बी."

झालं! माज्या डोक्यात उजेडच पडला. भंगारातली चाकं, मूळ गाडी पडली कशी, डायवर वाचला का, कोनाला ठावं? गाडीवरनं लिंबू उतरवलं, बंपरला बिब्बा बांदला, नारळ फोडला. चालवून बगितली. चाळीसला गाडी आशी थडथडली की बिब्बाच सुटून पडला.

चाचा हासून हासून खाली बसले. "भूत तगडा है रे तेरा."

तवा मातर मला माजाच राग आला. म्हनलं, गाडी तुला कळती म्हनतोस न्हवं? मग गाडीलाच इचार की. म्होरची दोनी चाकं काढून मागं घातली, मागची म्होरं. सडकंला गेलो. चाळीस झालं, ष्टेरिंग गप! पन सीट हालाय लागली. थडथड हातातनं निगून बुडाखाली आली हुती. म्हंजे ष्टेरिंगचा दोष न्हाय, सांध्यांचा न्हाय. चाकांचाच हाय. मग एकएक चाक परत म्होरं आनून बगितलं. उजवं आनलं, ष्टेरिंग गप. डावं आनलं, लागलं नाचाय. घावलं!

चाचाच्या दुकानाम्होरं त्येच डावं चाक जॅकवर उचललं आन हातानं फिरवून सोडलं. जी जागा खाली थांबली तितं खडूची खून केली. परत फिरवलं. चाक डुलत डुलत आलं आन खून बरूबर खाली. कितीबी फिरवा, खून खालीच.

"चाचा, हितं जड हाय."

"खोल."

खोलून पालथं केलं. आतल्या अंगाला त्या खोलगट पन्हाळीत काळ्या मातीचा हा जाड थर, वाळून विटंवानी झालेला, आन त्यो बी एकाच बाजूला. मंद्रूपचं रान मी चाकात घिऊन फिरत हुतो. मूळची चाकं उथळ, चिखूल टिकायचाच न्हाय. हितं मी चाकांचं त्वांड रोज फडक्यानं पुसून लकलक केलेलं, पाठ कोन बगतंय?

छन्नीनं पाटीभर माती काढली. तेवढ्यात त्यो कानडी कामगार सायकलवरनं आला. "गाली आतनं धुतली न्हवती व्हय?"

"गाळी?"

"गाली, गाली! चाक की! गाळी येगळं, गाली येगळं."

चाचास्नी समदं आदीच सांगितल्यालं हुतं. त्ये तंबाकूची चिमूट धरून एवढे हासले की तंबाकू सांडली. सासऱ्यानं पयल्या दिशी बोट दावून चाक म्हनलं हुतं, आन मी हवा काढून भूत घालवत बसलो हुतो.

सोमवारी सकाळी मंद्रूपला पोचलो. ह्या टायमाला जीप सडकंला ठिवली आन चपला हातात घिऊन चालत गेलो. अंगनात बैलगाडी जुपलेली. वर वाकळ आथरलेली, बायकूचं गठुडं चढवलेलं.

"उतरव ते," मी म्हनलो. "गाडी नीट झालीया."

बायकू म्हनाली, "आदी अप्पास्नी फिरवून आना."

सासऱ्याला सडकंवर नेऊन जीपमदी बसवला. तीस झालं, पस्तीस झालं. त्यानं दोनी हातानं म्होरचा दांडा धरला. चाळीस. काय न्हाय. पंचेचाळीस. सासऱ्यानं एक हात सोडला, मग दुसरा सोडून मिशीवरनं फिरवला. माघारी आल्यावर त्यानं बैल सोडले आन गठुडं खांद्यावर घेतलं.

बायकू बसली. एका हातात लेकरू, दुसरा तळवा ष्टेरिंगवर, ताप बगावा तसा. चाळीस आलं, गेलं. तिनं तळवा काढला आन लेकराच्या टाळूवर पदर घेतला. लेकरू झोपलेलं.

मला काय गप बसवतंय? म्हनलं, "बग, आता दोनी हात सोडले तरी गाडी सरळ जाती."

"सोडा तर," ती म्हनाली, "हितंच उतरते."

मी दोनी हातानं ष्टेरिंग गच्च धरलं, ते सोलापूर येईस्तवर.