बरकत, दोन, तीन

माझी शेवटची पोस्टिंग लोणावळ्याला झाली. तळेगावच्या माणसाला याहून घराजवळची पोस्टिंग मिळणं कठीण, त्यामुळे बायको खूश आणि युनिटमधले दोस्त जळून खाक. मी हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. वर्कशॉप सांभाळायचं आणि जवानांना गाड्या शिकवायच्या, एवढं काम. फौजेतून बाहेर आल्यावर लोक मला लढाईच्या गोष्टी विचारतात. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती डिझेल इंजिनाची आहे.

सकाळी पीटी, मग फॉलिन म्हणजे रांगेतली हजेरी, मग गाड्यांची तपासणी. बॉनेट उघडा, कूलंट बघा, डिपस्टिक ओढा, पुसा, परत घाला, परत ओढा, तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. रोज. पावसाळ्यात लोणावळ्याच्या धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, तरी डिपस्टिक दिसली पाहिजे, असा माझा नियम होता. पोरं पाठीमागे माझी नक्कल करत. मला ते माहीत होतं.

नायक बबन गवारी माझ्या हाताखाली ड्रायव्हर-मेकॅनिक होता. जवळच्याच वडिवळे गावचा. घरची भातशेती, वडील अजून स्वतः खाचरात उतरणारे. बबनचा हात गाडीवर हलका होता आणि तोंड मोकळं. त्याची एक सवय युनिटभर प्रसिद्ध होती. मोजताना तो कधी ‘एक’ म्हणत नसे. जेरीकॅन मोज म्हटलं की सुरू व्हायचा, “बरकत, दोन, तीन.” त्यांच्याकडे खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. एक म्हटलं की रास एकावरच अडते, अशी समजूत. एकदा परेडला रांगेत पहिला उभा असताना सुभेदार साहेबांनी गिनतीचा हुकूम दिला आणि हा छाती काढून ओरडला, “बरकत!” रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या माराव्या लागल्या त्याला. पंजाबी जवान त्याला तेव्हापासून बरकत सिंग म्हणत. तो हसायचा. मला तो उस्ताद म्हणायचा, फौजेत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं.

आता थोडं इंजिनाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हल्लीच्या मोठ्या गाड्यांत साधारण दोन लिटरचं डिझेल इंजिन असतं. चार सिलिंडर, टर्बो, कॉमन रेल. ताकद उत्तम, आणि तीही कमी आरपीएमला, म्हणून घाटात डिझेल गाडी माणसाला आवडते. पण धूर कमी व्हावा म्हणून तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर बसवलेला असतो. काजळी त्यात साठते. साठली की इंजिन जादा डिझेल टाकून तो फिल्टर तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्याला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालायला लागते. गावातून स्टेशन, स्टेशनातून गाव, एवढीच धाव असेल तर हे काम दर वेळी अर्धवट राहतं. मग ते जादा डिझेल सिलिंडरच्या कडेने झिरपत खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते.

तेल कमी झालं तर सगळे घाबरतात. वाढलं तर कुणी घाबरत नाही.

त्या साली पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथे दरड आली. दोन घरं गेली, माणसं थोडंफार लागून बाहेर पळाली, पण एका घराची भिंत पार्वतीमावशी नावाच्या बाईंच्या पायावर पडली. युनिटला मदतीचा हुकूम आला. आमचा ट्रक खालच्या ओढ्यावरच्या मोरीवर अडकला, पुढचा रस्ता अर्धा वाहून गेला होता. आम्ही चालत वाडीत पोचलो. नर्सिंग असिस्टंटने मावशींचा पाय बांधला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, रक्त आतून जातंय, लवकर हलवा. तो बाकीच्या जखमींपाशी थांबला. मी वायरलेस सेटवर युनिटला कळवलं.

“ब्राव्हो फॉर अल्फा. कॅज्युअल्टी एक, सिव्हिलियन, सीरियस. ॲम्ब्युलन्स कहाँ तक आएगी? ओव्हर.”

“अल्फा. मोरी तक. आप नीचे लाइए. ओव्हर.”

वाडीत एकच चालू गाडी होती, किसनभाऊंची सात सीटर. ते तिच्यातून कामशेत स्टेशन ते धरण अशी पर्यटकांची ने-आण करत. त्यांनी न विचारता चावी पुढे केली, पण ती दोनदा त्यांच्या हातून खाली पडली, तेव्हा बबन म्हणाला, “भाऊ, तुमी शेजारी बसा. मी चालवतो.” मागच्या सीट पाडून स्ट्रेचर आत घेतलं आणि दोराने घट्ट बांधलं. मी मावशींच्या उशाशी बसलो. दुपार होती, पण हेडलाइट लावावे लागले.

वाडीतून निघालं की वाट आधी खिंडीपर्यंत चढते आणि मग वडिवळ्याकडे उतरते. चढ अर्धा झाला आणि गाडी जडावली.

“उस्ताद, पिकअप गेला,” बबन म्हणाला. “पिवळी लाइट लागलीया.”

“ती कायमच आसती,” किसनभाऊ म्हणाले. “काय न्हाई होत. लय गुणाची गाडी हाय. कंदी तेल टाकाया लागलं न्हाई, उलटं वाढतंय. बरकत हाय बगा.”

तो शब्द ऐकून बबनने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हसला. मला हसू आलं नाही.

“बबन, इंजिन बंद कर.”

“हितं? चढावर?”

“बंद कर. हुकूम आहे.”

त्याने ब्रेक दाबून चावी फिरवली. डॅशबोर्ड विझला. इंजिन बंद झालं नाही. उलट आवाज चढला, आणि चढतच गेला. मागे निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठला. सिव्हिलियन माणसाला हे खरं वाटत नाही, म्हणून सांगतो. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. जळायला काहीतरी आणि हवा, एवढं मिळालं की ते चालतं. वाढलेलं पातळ तेल हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये ओढलं गेलं की इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळतं. चावीचा, पेडलचा त्याच्याशी संबंध उरत नाही. तेल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत ते थांबत नाही.

“पाचवा गिअर टाक, ब्रेक धर, क्लच सोड!”

चाकं अडवून इंजिन गुदमरवायचं, त्याने तेच केलं होतं, मी बोलायच्या आधी. चिखलात चढून चढून क्लच आधीच जळत आला होता. तो पकडेना. जळका वास आत भरला. बबनने हँडब्रेक ओढला, किसनभाऊ उतरून चाकामागे दगड लावू लागले. मी दोर सोडायला घेतला. ओल्या दोराची गाठ सुटत नव्हती. मावशी डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या.

मान वर केली तेव्हा बबन बॉनेट उघडत होता.

“बबन, मागे हो! लांब जा! फुटू दे तिला!”

“मावशी आत हाय न्हवं, उस्ताद,” तो म्हणाला.

एवढंच. त्याने हवेची नळी उपटली, अंगावरचा पोंचो, म्हणजे फौजी रेनकोट, गोळा करून इंजिनाच्या उघड्या तोंडावर दाबला आणि सगळं वजन टाकून धरून ठेवला. बरोबर हेच करायचं असतं. हवा तोडली की इंजिन मरतं. मीच शिकवलं होतं, आणि इतक्या आरपीएमला पळणाऱ्या इंजिनासमोर उभं राहायचं नाही, हेही मीच शिकवलं होतं. आवाज खाली येऊ लागला. मी गाठीचा नाद सोडून चाकूने दोर कापला, किसनभाऊ धावत आले, आम्ही स्ट्रेचर बाहेर ओढलं आणि बांधापर्यंत नेलं. इंजिन खोकायला लागलं होतं. मला वाटलं, जमलं.

मग एकच आवाज झाला आणि नुसता पाऊस ऐकू येऊ लागला.

पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकच्या बाहेर आला होता. त्याचा तुकडा बबनच्या मानेत बसला होता. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. मी म्हणालो, “बबन, इंजिन बंद पडलं,” ते त्याने ऐकलं असावं, असं मी धरून चालतो.

“ब्राव्हो फॉर अल्फा. कॅज्युअल्टी दो. एक सिव्हिलियन,” मी सेटवर म्हणालो. पुढचं बोलायला वेळ लागला. “एक अपना. ओव्हर.”

मावशींना आम्ही स्ट्रेचरवर चालत मोरीपर्यंत नेलं, आणि त्यांचा पाय वाचला. काठी घेऊन चालतात. किसनभाऊंवर मला भयंकर राग होता आणि तो काढायला मी मुद्दाम त्यांच्या दारी गेलो. ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, “उस्ताद, मला वाटलं चांगलंच हाय. वाढतंय म्हंजे चांगलंच न्हवं का?” मी त्यांच्या शेजारी बसलो. राग काढायचा राहूनच गेला.

आता मी पेन्शनीत आहे. शेजारचे मास्तर असोत की बँकेतले साहेब, डिझेल गाडी घेतली की पेढे घेऊन येतात आणि ॲव्हरेज किती देईल विचारतात. मी आधी डिपस्टिक ओढायला लावतो. तेल वरच्या खुणेच्या वर दिसलं तर गाडी सुरूच करू नका, म्हणून ओरडतो. म्हातारा खडूस आहे, असं त्यांना वाटतं. वाटू दे.

दरवर्षी भात झोडून झालं की मी वडिवळ्याला जातो. बबनचे वडील आबा अजून स्वतः माप धरतात. पहिल्या वर्षी मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो. आबांनी रास नमस्कारली, माप भरलं, हाताने वरचं सपाट केलं आणि थांबले. तो शब्द त्यांच्या तोंडून येईना. मलाही तो ऐकायचा नव्हता. आता ते एक म्हणतील, असं मला वाटलं.

“बबन,” आबा म्हणाले, आणि माप पोत्यात ओतलं.

मग दुसरं भरलं. “दोन.” मग तिसरं. “तीन.”